पराभवाची कादंबरी वाचताना

दुसऱ्या बाजीरावाचे नाव घेतले की ‘पळपुटा’ हे विशेषण आपल्या तोंडी आपोआप येते. ना. सं. इनामदार यांनी ‘मंत्रावेगळा’ या कादंबरीत हे विशेषण पुन्हा तपासून पाहिले. ही कादंबरी वाचून हळहळणारे वाचक पुष्कळ भेटतात. ‘बिचाऱ्याला आपण उगाच दोष देत आलो,’ असे म्हणून ते पुस्तक मिटतात. या हळहळीविषयीच थोडे लिहावयाचे आहे.

कादंबरीकाराची शंका रास्त आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अखेरच्या पेशव्याविषयीचे आपले मत बव्हंशी जेत्यांच्या लेखणीतून उतरलेले आहे. एल्फिन्स्टन हा पुण्याच्या दरबारातील कंपनीचा वकील. ग्रँट डफ हा साताऱ्यास कारभार पाहिलेला अधिकारी. डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. फिर्यादी पक्षानेच लिहिलेले निकालपत्र आपण पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत उतरवीत आलो.

तथापि निकालपत्र पक्षपाती होते एवढ्यावरून आरोपी निर्दोष ठरत नाही. विठोजी होळकरांना १८०१ साली पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. पुढील वर्षी ऑक्टोबरात यशवंतराव पुण्यावर चालून आले, हडपसरला लढाई झाली, पेशवे निघून गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून बसले. कंपनीच्या पलटणींचा खर्च त्या तहाने पेशव्यांच्याच माथी आला. हा हिशेब कोणत्याही सहानुभूतीने पुसला जाणार नाही.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. कादंबरीला नायक लागतो. तो दोषी की निर्दोष, एवढे ठरले की वाचकाला सारे उमगल्यासारखे वाटते. परंतु १८१७-१८ चे युद्ध काही एका माणसाच्या मनात लढले गेले नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला तोंड लागले आणि १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, हे सर्वांस ठाऊक असते. मात्र ११ फेब्रुवारी १८१८ चा एल्फिन्स्टनचा जाहीरनामा फारसा कोणाच्या लक्षात नसतो. साताऱ्याच्या छत्रपतींना राज्य देऊ, वतने-इनामे चालवू, धर्मात हात घालणार नाही, आणि जहागीरदारांनी दोन महिन्यांत बाजीरावास सोडावे, असा त्याचा आशय होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत बापू गोखले आष्टीच्या रणात पडले. तोफांनी जे साधले नसते ते या कागदाने साधले, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या वतनाचा विचार करीत घरी बसलेल्या असंख्य माणसांची कादंबरी अजून कोणी लिहिलेली नाही. ती लिहिली गेली तर वाचताना आपणांस बरीच घरची माणसे भेटतील. (‘बिचारा’ हा शब्द तेव्हा कोणासाठी वापरावा, हा एक प्रश्नच आहे.)

आणि जे लढले त्यांचे काय? त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. खिडकीखाली घोड्याची चाकरी करीत मराठी गाणे गाणाऱ्या एका मोतद्दाराने गोऱ्या पहारेकऱ्यांच्या देखत त्यांना बेत कळविला, असे सांगतात. ‘झेप’मुळे त्र्यंबकजी वाचकांना परिचित झाले, तो मोतद्दार मात्र मोतद्दारच राहिला.

आमच्या शिक्षकबंधूंनी ही कादंबरी विद्यार्थ्यांच्या हाती अवश्य द्यावी. फक्त सोबत एक नकाशा द्यावा आणि त्यावर मालेगाव दाखवावे. ३ जून १८१८ रोजी बाजीराव सालिना आठ लाखांच्या तनख्यावर माल्कमच्या स्वाधीन झाले. त्या दिवशी मोसम नदीकाठच्या त्या भुईकोटात अरबांची शिबंदी अद्याप लढत होती. त्यांची निष्ठा पेशव्यांवर होती की पगारावर, याचा खल विद्यार्थ्यांनी खुशाल करावा. वेढ्यात इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. दारूचे कोठार उडाले तेव्हा, जूनच्या मध्यास, किल्ला पडला. धनी शरण जाऊन दहा दिवस उलटले होते.