वाळवंटातली काठी आणि आपला निवडुंग



ठाकुर्लीच्या चोळेगाव भागात राहणाऱ्या एका भगिनीने आम्हाला मोबाईलवर एक फोटो दाखवला. त्यांचा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात असतो. तिथल्या एका घराच्या अंगणातले झाड त्याने पाठवले होते. जमिनीतून एकदम पंधरा-वीस काठ्या वर आलेल्या, एकेक काठी दोन-तीन पुरुष उंच, अंगभर काटे आणि टोकाला लालभडक फुलांचा तुरा. या झाडाला तिकडे 'ओकोटियो' म्हणतात. "हे मला गॅलरीत लावायचे आहे. भाचा येताना एक काठी घेऊन येतो म्हणतो. ती इथे जगेल का?" असा त्यांचा प्रश्न. निवडुंगाची हौस हल्ली आपल्या वस्त्यांतूनही वाढली आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठीच येथे देत आहोत.

प्रथम त्या झाडाची ओळख. ओकोटियो हा अमेरिकेच्या नैऋत्य भागातला आणि मेक्सिकोच्या उत्तरेतला वाळवंटी रहिवासी. काटे पाहून त्याला निवडुंग समजतात, पण ते निवडुंगाचे झाड नव्हे. वर्षातले कित्येक महिने ते नुसत्या वाळक्या काठ्यांचा जुडगा होऊन उभे असते. नवख्या माणसाला वाटावे, मेले. पण एक चांगली सर पडली की थोड्याच दिवसांत काठीवर खालपासून वरपर्यंत हिरवी पाने फुटतात. जमीन कोरडी झाली की पाने गळतात. पुन्हा पाऊस आला की पुन्हा पालवी. असे वर्षातून अनेकदा चालते. पाने नसतानाही त्याचे अगदीच उपाशी दिवस नसतात, कारण सालीखालचा हिरवा थर थोडेफार अन्न तयार करीत राहतो. तिकडचे लोक त्याच्या काठ्या ओळीने जमिनीत रोवतात. त्यांना मुळे फुटतात, आणि कुंपणालाच पालवी येते.

आता उत्तर. भाच्याला कळवावे की काठी आणू नये. ॲरिझोनात रानटी झाडे जागेच्या मालकाच्या संमतीवाचून व सरकारी परवान्यावाचून उपटता येत नाहीत, आणि ओकोटियो त्या कायद्यात मोडतो. आपल्या देशातही परदेशातून रोप वा काडी आणायची तर आधी परवाना लागतो आणि झाड निरोगी असल्याचा तिकडच्या सरकारचा दाखला लागतो. २००३ सालच्या आदेशाने हे नियम बांधले गेले आहेत. कपड्यांच्या घडीत लपवून आणलेल्या काडीबरोबर कोणती कीड येईल, हे काडी आणणाऱ्याला कळत नसते.

हे भय कशासाठी, ते एका जुन्या उदाहरणावरून कळेल. आपल्याकडे माळावर, बांधावर दिसणारा फड्या निवडुंग आपला नाही. तो अमेरिका खंडातला. त्याच्यावर जगणाऱ्या एका किड्यापासून तांबडा रंग मिळतो, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात या निवडुंगाची इथे लागवड झाली. १७९५ साली ब्राझीलहून किडा आणला, तो भलत्याच जातीचा निघाला. रंगाचा धंदा जमला नाही, फड्या मात्र पसरत गेला आणि दख्खनमधल्या कितीतरी जमिनी त्याने गिळल्या. शेवटी १९२६ साली श्रीलंकेहून दुसरा किडा आणून सोडला, तेव्हा कुठे त्याला आळा बसला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेले हे दुखणे हातांनी लावून घेतलेले होते.

पण परवाना काढून काठी आणलीच, तरी ती ठाकुर्लीत टिकणे कठीण. ॲरिझोनातल्या टुसान शहरात वर्षाला सुमारे तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कल्याण-डोंबिवलीकडे अडीच हजारांच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे टुसानचा तीन वर्षांचा पाऊस एका दिवसात. असा पाऊस, वर आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, हवेत ओल इतकी की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. त्या काठीने तहान सोसायचे शिक्षण घेतले आहे, बुडायचे नव्हे.

मग त्या भगिनीने हौस सोडून द्यावी काय? मुळीच नाही. आम्ही त्यांना विचारले, गाव कोणते? माण तालुका म्हणाल्या. मग हे झाड तुमच्या आजोबांनी लावलेले असणार, असे आम्ही म्हणालो, तेव्हा त्या हसल्या. पण हे खरेच आहे. ओकोटियो करतो ते सगळे आपला कुंपणाचा निवडुंग करतो. काही भागात त्याला थोर म्हणतात. खोडाला धारा, धारांवर काटे, पावसाळ्यात शेंड्याला जाड हिरवी पाने, उन्हाळ्यात पाने गळून नुसता सांगाडा. फांदी तोडून रोवली की कुंपण तयार. दोघांचे नाते मात्र काही नाही. एक पृथ्वीच्या त्या टोकाचा, एक या टोकाचा. दुष्काळाने दोघांना एकच धडा दिला, एवढेच. आणि एक फरक असा की आपल्या निवडुंगात पांढरा चीक असतो, तिकडच्या काठीत तो नसतो. या चिकाविषयी पुढे सांगणारच आहोत.

माण-खटाव, सोलापूर, मराठवाडा इकडून ७२च्या दुष्काळात मुंबईकडे आलेली कितीतरी कुटुंबे आज आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्यातल्या जाणत्यांना विचारा. गावकुसाबाहेरच्या घरांना दगडी भिंत कोण बांधून देणार होते? निवडुंगाची नाहीतर शेराची कड, तीच भिंत. गुरे आत शिरत नसत आणि पैसा लागत नसे. नर्सरीत आज त्याच जातीची वीतभर रोपे रंगीत कुंडीत घालून विकतात, आणि आपली मुले 'किती छान' म्हणून पाहतात. आम्हाला यात राग येण्यासारखे काही वाटत नाही. गंमत मात्र वाटते.

काटेरी झाड घरात ठेवले की भांडणे होतात, पैसा टिकत नाही, असे सांगणारे लोक आता टीव्हीवरही भेटतात. काट्याने बोट टोचते, एवढे खरे. बाकी भांडणाची कारणे ज्याच्या-त्याच्या घरात पुष्कळ असतात. याच्या उलट तऱ्हा म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून दाराला उलटी टांगलेली कोरफड. महिनोन् महिने ती मातीवाचून जगते, कधी नवा कोंबही काढते, आणि लोक त्यात चमत्कार पाहतात. तिच्या मांसल पानात पाण्याचा साठा असतो. शिवाय ती पानांची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडते, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. चमत्कार असलाच तर तो हा आहे. तिला खाली काढून कुंडीत लावा, बिचारी अधिक सुखात राहील.

आता लागवड. निवडुंग, कोरफड, पानफुटी, शेर, यांना मारते ते पाऊस नव्हे, साचलेले पाणी. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर निवडुंग आपल्याइतकाच, किंबहुना जास्त पाऊस खातो आणि ठणठणीत असतो, कारण तो कातळाच्या उतारावर उभा असतो. पाणी आले, वाहून गेले. आपल्याला कुंडीत तो उतार करायचा आहे. निम्मी जाड रेती किंवा बारीक खडी, पाव भाग विटांचे तुकडे, पाव भाग माती आणि कुजलेले शेणखत. रेती चाळून बारीक भुसा काढून टाकावा. खाडीची असेल तर दोन-तीन पाण्यांनी धुवावी, कारण ती खारट असते. विटांचे तुकडे कुठेही बांधकाम चालू असेल तिथे मागितले तर मिळतात. खडीसाठी रुळांकडे मात्र जाऊ नये. ती रेल्वेची मालमत्ता आहे, आणि रुळावर जीव जातो तो वेगळाच. कुंडी विकत घ्यायलाच हवी असे नाही. तेलाचा डबा, फुटकी बादली, रंगाचा डबा, काहीही चालते. बुडाला बोटभर रुंदीची चार-पाच भोके हवीत. खाली ताटली ठेवू नये. ताटलीत पाणी साठते, मुळे कुजतात आणि डेंग्यूच्या डासांची सोय होते.

पाणी किती, हा नेहमीचा प्रश्न. झाडूची काडी कुंडीत खोलवर खुपसा. वर काढल्यावर तिला ओली माती चिकटली असेल तर पाणी घालू नका. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत पंधरा दिवसांनी एकदा पुरते. आपल्याकडे पाणीकपातीचे दिवस काही नवे नाहीत. नळाला पाणी नसेल तेव्हा तांदूळ धुतलेले पाणी चालते. महिनाभर गावाला जायचे असेल तर शेजारणीला किल्ली देऊन 'झाडांना पाणी घाल' म्हणू नका. ती बिचारी माया म्हणून रोज घालील आणि परत येऊन पाहाल तर बुंध्याचा चिखल झालेला असेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या वळचणीखाली, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी घ्याव्यात. तिथून आश्विन पौर्णिमेपर्यंत त्यांचाही वर्षावास समजा. एका जागी ठेवा, उजेड आणि वारा मिळू द्या, वरून पाणी जवळजवळ नाहीच. बुंधा मऊ लागला किंवा वास आला तर कुजायला सुरुवात झाली आहे. वरचा निरोगी भाग धारदार सुरीने कापून घ्यावा. आतला गर स्वच्छ पांढरा वा हिरवट दिसेपर्यंत कापत जावे आणि तो तुकडा वाळवून नव्याने लावावा. खालचे टाकून द्यावे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती कीड असते. साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून पुसून काढावी.

गॅलरीतल्या वजनाकडे आपण लक्ष देत नाही. दहा लिटरची बादली ओल्या मातीने भरली की पंधरा किलोच्या पुढे जाते. खडी-रेती तर आणखी जड. सहा बादल्या म्हणजे जवळजवळ एक क्विंटल. एक दणकट माणूस रात्रंदिवस ग्रिलमध्ये बसवून ठेवल्यासारखे ते आहे. २८ जुलै २०१५च्या रात्री आपल्या ठाकुर्लीत तीन मजली जुनी इमारत कोसळून नऊ माणसे गेली. त्याचा कुंड्यांशी काही संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या गॅलरीच्या सळ्या गंजून सिमेंटचे पोपडे पडत आहेत, तिथे हौसेचा भार घालू नये. कठड्यावर आणि ग्रिलच्या बाहेरच्या पट्टीवर तर एकही कुंडी नको. खालून शाळेची मुले जातात. चाळीत किंवा रेल्वे क्वार्टर्समध्ये तळमजल्यावर हातभर जागा असेल त्यांनी जमिनीवरच दगड रचून उंचवटा करावा आणि त्यावर लावावे. ते गॅलरीपेक्षा केव्हाही सुंदर दिसते.

आणि आता चीक. हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा. निवडुंग, शेर आणि नर्सरीत 'युफोर्बिया' म्हणून मिळणारे लाल फुलांचे काटेरी रोप, या तिन्हींतून फांदी मोडताच दुधासारखा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, डोळा सुजतो, बुबुळाला इजा होते आणि काही काळ दिसेनासे होते. कधी त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी वाढतो. म्हणून 'आता बरे वाटते' या शब्दावर विसंबू नये. ताबडतोब वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटे धुवावा, चोळू नये, आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. झाडाचा एक तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. दूध, तूप, मध, बाईच्या अंगावरचे दूध, घरात उरलेले जुने ड्रॉप, यांतले काहीही घालू नये. चामखिळीवर चीक लावा, कान दुखला तर पानाचा रस पिळा, असले सल्लेही ऐकू नयेत. फांदी कापताना चष्मा लावावा, हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात, मुलांना दूर ठेवावे, आणि काम झाल्यावर हात व सुरी साबणाने धुवावी. नुसत्या पाण्याने चीक जात नाही.

घरात रांगते किंवा शाळेआधीच्या वयाचे मूल असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे. ही तिन्ही झाडे अजून दोन-चार वर्षे नकोत. जाड बुंध्याचे, गुलाबी फुलांचे 'अडेनियम'ही नको, त्याचा चीक विषारी असतो. तोवर कोरफड लावा, पानफुटी लावा. पानफुटीचे एक पान ओलसर मातीवर ठेवले की त्याच्या कडेला इवली रोपे उगवतात. मुलांना दाखवायला याहून चांगला धडा नाही.

ज्यांच्या घरी मुले मोठी आहेत त्यांनी निवडुंगाची फांदी १४ एप्रिलच्या सुमारास आणावी. वीत-दीड वीत पुरे. चीक वाहून थांबला की सावलीत कागदावर पंधरा दिवस आडवी ठेवावी, म्हणजे कापलेल्या जागी कोरडी साल धरते. ओल्या जखमेसकट लावली तर हमखास कुजते. मग कोरड्या मिश्रणात चार बोटे खोल रोवावी, दगडांनी आधार द्यावा आणि आठवडाभर तशीच ठेवावी. पहिले पाणी बुद्धपौर्णिमेच्या आसपास, तेही पेलाभर. मुळे धरली की नाही हे पाहायला उपटून बघू नये. ही खोड लहानांपेक्षा मोठ्यांना जास्त असते. पावसाळ्याच्या सुरुवातीस शेंड्याला पाने दिसली म्हणजे फांदी लागली.

त्या भगिनी मे महिन्यात माणला जाणार आहेत. त्यांच्या आजोबांच्या कुंपणातले दोन-तीन निवडुंग घरामागे अजून उभे आहेत, असे गावाकडून कळले आहे. एस.टी.ने आणताना फांद्यांची टोके आधी सुकू द्यावीत, वर्तमानपत्राचे चार पदर गुंडाळावेत आणि पिशवी सीटखाली न ठेवता स्वतःच्या पायाशी धरावी, शेजारच्या प्रवाशाच्या पोराचा हात लागू नये म्हणून.