काट्याने काटा, शेवाळाने शेवाळ

रत्नागिरीत राहून घरात समुद्राचा टँक? आईने पहिल्याच दिवशी विकेट काढली. "अगं, दहा मिनिटांवर मांडवी आहे. तिथे जाऊन बस की, फुकट!" पण लहानपणी झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात काचेला नाक लावून उभं राहायचे, तेव्हापासूनचं हे वेड. आणि दिवसभर डेडलाइनशी मारामारी करून रात्री अकराला मांडवीला कोण जाणार? मला माझा समुद्र डेस्कशेजारी हवा होता. दीडशे लिटरचा टँक, दोन क्लाऊन फिश, निळा लाइट. एकदम सॉलिड!

तीन महिने मस्त गेले. मग जुलै आला. तयार सी-सॉल्ट संपलं होतं आणि नवं मागवायचा कंटाळा. म्हटलं, दारात समुद्र असताना पैसे कशाला घालवा? भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी गेले, दोन कॅन भरले, सरळ टँकमध्ये ओतले. पंधरा दिवसांत काच हिरवी, दगडांवर केसांसारखे झुपके, वाळूवर लालसर चिकट साय. मी ब्रशने खरवडायचे, ते दुप्पट जोमाने यायचं.

खरी तंतरली ती एका पावसाळी रात्री. लाइट गेले, पंप बंद. पहाटे तीनला टॉर्च मारला तर दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होते. शेवाळ प्रकाशात ऑक्सिजन सोडतं, पण अंधारात तेही आपल्यासारखं ऑक्सिजन ओढतं. पाणी हलवायला पंप नाही आणि टँकभर वाटेकरी! उजाडेपर्यंत मगने पाणी काढून उंचावरून परत ओतत बसले. मासे वाचले. माझा माज उतरला.

सकाळी शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांची सगळी हयात मिरकरवाड्याच्या होड्यांवर गेलेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून घरीच होते. ते हसलेच. "पावसात खाडीचं पाणी कोण आणतं गो?" बरोबरच होतं. पावसात काजळी नदी गाळ, शेतातलं खत, वस्तीचं सांडपाणी असं सगळं घेऊन भाट्याला समुद्राला मिळते. वर पाण्याचा खारटपणा घटतो तो वेगळाच. म्हणजे मी माशांसाठी समुद्र नाही, शेवाळासाठी खताची बादली आणली होती!

तर बॉस, साधा फंडा असा. शेवाळ हा रोग नाही, ते लक्षण आहे. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठलं, वर भरपूर लाइट मिळाला की ते येणारच. हे दोघे येतात कुठून? जास्तीच्या खाण्यातून, नळाच्या पाण्यातून आणि न धुतलेल्या फिल्टरमधून. आणखी एक गंमत. टेस्ट किटने फॉस्फेट शून्य दाखवलं म्हणून खूश होऊ नका. काच हिरवी असेल तर ते फॉस्फेट शेवाळाने आधीच गट्टम केलेलं असतं.

मग मी काय केलं? खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच, तेही दिवसातून एकदा. लाइट बारा तासांवरून सात तासांवर, टायमर लावून. दर रविवारी पंधरा लिटर पाणी बदलायचं; नवं पाणी आरओचं, त्यात सी-सॉल्ट आणि हायड्रोमीटरवर १.०२५. झुपके हाताने उपटून लगेच बाहेर, कारण आत कुजले तर अमोनिया वाढतो. ती लाल साय मात्र शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. ती नळीने ओढून काढली. आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला, सगळ्यात आधी!

शेवटचा उपाय मला सगळ्यात आवडला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी १९८०च्या दशकात टँकचं पाणी शेवाळानेच शुद्ध करायची पद्धत रुळवली. वेगळ्या जागी मुद्दाम शेवाळ वाढवायचं, ते खत खाऊन टाकतं, मग ते कापून फेकायचं. मी मागच्या कप्प्यात केटोमॉर्फा नावाच्या समुद्री शेवाळाचा गुंता ठेवलाय. त्याचा लाइट रात्री लागतो, म्हणजे अंधारात थोडा ऑक्सिजनही मिळतो. दर महिन्याला मूठभर काढते. आईच्या गुलाबाला घालू का विचारलं, तर म्हणाली, आधी मीठ धू!

एक मोह मात्र टाळा. "टँक नॅचरल दिसेल" म्हणून मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणू नका. रीफ बांधणारे प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. कृत्रिम दगडांवरही मासे तेवढेच खूश असतात.

दोन महिने लागले. एका वीकेंडमध्ये काच चकाचक करणारी बाटली मी घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका. कोपऱ्यात थोडं हिरवं अजून आहे, ते राहू दे. दोघं क्लाऊन मजेत आहेत. आणि हल्ली समुद्राचं पाणी बघायचं असलं की मी सरळ मांडवीला जाते. फुकट. कॅन घरी ठेवून!