धक्क्यावरची वीज आणि नौकेतला फ्रिज

कोकणातल्या आमच्या बांधवांचे दर्याशी नाते जुने आहे. खलाशी, तांडेल, सारंग ही रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांची एके काळची ओळख. पुढे आखाताची वाट खुली झाली आणि त्याच घरांतली मुले वायरमन, ए.सी. मेकॅनिक होऊन तिकडे गेली. त्यांतल्या काहींच्या हाती आता दुबई, अबुधाबीच्या धक्क्यांवर उभ्या असणाऱ्या हौशी लोकांच्या शिडाच्या नौकांची कामे येऊ लागली आहेत. हे काम चार पैसे जास्त देणारे आहे, परंतु ते घरच्या वायरिंगच्या अकलेने करण्याचे नाही. आज एकाच लहानशा यंत्राविषयी लिहितो, कारण तक्रार बहुधा त्याचीच असते. ते यंत्र म्हणजे नौकेतला फ्रिज.

मालक आठवड्यातून एकदा येतो. आल्याबरोबर त्याला थंड पाणी हवे असते. म्हणून तो सांगतो की, धक्क्यावरच्या खांबाची वीज जोडून ठेवा, फ्रिज चालू राहू द्या. मग कोणी घरगुती २३० व्होल्टचा छोटा फ्रिज आणून आत बसवतो, खांबापासून एक्स्टेंशन बोर्डाची वायर खेचतो आणि मजुरी खिशात घालून मोकळा होतो. आमच्या मते या कामाला कारागिराने साफ नकार द्यावा.

शिडाच्या नौकेतला खरा फ्रिज बॅटरीवर चालणारा असतो. जगभर अशा फ्रिजमध्ये डॅनफॉस कंपनीचा बी.डी. ३५ किंवा बी.डी. ५० हा १२ व २४ व्होल्टचा कॉम्प्रेसर लोकप्रिय झाला. कंपनीने २०१० साली तो धंदा विकला आणि तेच कॉम्प्रेसर पुढे सीकॉप या नावाने येऊ लागले. जुने मिस्त्री अजून डॅनफॉसच म्हणतात. असा फ्रिज चालू असताना साधारण ५ अँपिअर घेतो. आखाताच्या उन्हात तो निम्मा दिवस चालला असे धरले तर चोवीस तासांत ६० अँपिअर-अवर, म्हणजे सुमारे पाऊण युनिट. चार्जरमधली तूट धरली तरी एक युनिट पुरे भरत नाही. एवढ्याशा विजेसाठी नौकेत नवे जोखमीचे काम करून ठेवण्याचे कारण काय?

आमचे म्हणणे असे की, फ्रिज बॅटरीवरच चालू द्यावा आणि किनाऱ्याच्या विजेने चार्जर लावून बॅटरी भरत राहावी. वीज गेली तरी फ्रिज थांबत नाही. १०० अँपिअर-अवरची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्मी वापरली तरी जवळजवळ दिवस निघतो. घरगुती फ्रिज मात्र खांबावरचा स्विच पडताच बंद होतो. मालक दहा दिवसांनी येऊन झाकण उघडतो तेव्हा मासळीचा वास त्याला सर्व हकीकत सांगतो, आणि शिव्या कोणाला पडतात हे वेगळे सांगायला नको.

दोन्ही विजेवर चालणारे फ्रिजही मिळतात. किनाऱ्याची वीज आली की त्यातले सर्किट आपोआप तिच्यावर जाते, गेली की बॅटरीवर येते. माल वाईट नाही. परंतु बॅटरीला चार्जर तरीही लागतोच, आणि स्वयंपाकाच्या ओलसर कोपऱ्यात २३० व्होल्टची आणखी एक वायर जाते. आम्हाला ती नको वाटते.

आता चार्जरविषयी. बॅटरी भरल्यावर साडेतेरा व्होल्टच्या आसपास उतरणारा चार्जरच घ्यावा. जुना, एकाच जोराने भरत राहणारा चार्जर महिनाभर जोडून ठेवला तर बॅटरीतले पाणी उडते. काही चार्जर फ्रिजच्या लोडने फसतात. बॅटरी अजून करंट मागते आहे असे समजून ते वरच्या व्होल्टेजवरच अडकून राहतात. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठी बनवलेलाच चार्जर हवा.

एक बारकी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या कॉम्प्रेसरचे कंट्रोल सर्किट बॅटरी उतरली की फ्रिज बंद करते, पण कारखान्यातून ते १०.४ व्होल्टवर लावलेले येते. तिथपर्यंत लेड-ॲसिड बॅटरी जाऊ दिली, म्हणजे ती मारलीच समजा. सर्किटच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी योग्य मापाचा लहानसा रेझिस्टर जोडला की ही हद्द ११.३ पर्यंत वर नेता येते. काही पैशांचा तुकडा कित्येक हजारांची बॅटरी वाचवतो.

वायरच्या जाडीतही असेच घडते. बॅटरीपासून फ्रिज ६ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबे झाले. दीड स्क्वेअर एम.एम.ची वायर घातली तर ५ अँपिअरला जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, सहाची घातली तर पाचवा हिस्सा व्होल्टसुद्धा नाही. घरच्या वायरिंगमध्ये २३० मधून पाऊण व्होल्ट गेला तर कोणाला कळत नाही, १२ मध्ये तो कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. मग मिस्त्री गॅस तपासतो, गॅस भरतो, त्याचे पैसे घेतो आणि फ्रिज तसाच.

परदेशी बनावटीच्या नौकेत ए.सी. यंत्र असेल तर त्यावरची पाटी आधी वाचावी. अमेरिकन माल १२० व्होल्ट, ६० सायकलचा असतो. दुबईत २३० व्होल्ट आणि ५० सायकल, तर शेजारच्या सौदीत ६० सायकल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल बदलत नाही. ६० सायकलसाठी बनलेली साधी मोटर ५० वर हळू फिरते आणि जास्त तापते. बॅटरीच्या फ्रिजला हा प्रश्नच उरत नाही, कारण चांगला चार्जर दोन्ही घेतो.

येथवर पैशाच्या नुकसानीच्या गोष्टी झाल्या. ज्यासाठी लिहावयास बसलो ती गोष्ट हिरव्या वायरची आहे.

किनाऱ्याच्या केबलमधली अर्थिंगची वायर नौकेतल्या धातूला, आणि त्यातून पाण्याखालच्या शाफ्टला व पंख्याला जोडलेली असते. शेजारच्या नौकेचेही तसेच. खाऱ्या पाण्यात सगळ्या नौकांचे धातू या एका वायरने बांधले गेले की पाण्यातली एक मोठी बॅटरीच तयार होते. तुमच्या नौकेचे झिंक शेजाऱ्याचा पंखा वाचवण्यात झिजू लागते, झिंक संपले की तुमचा पंखा आणि तळाचे वाल्व. फ्रिजसाठी महिनोन् महिने केबल जोडून ठेवणाऱ्या नौकांना ही झीज जास्त लागते. मालक झिंकचा खर्च पाहून ओरडतो, आणि मग कोणीतरी हुशार माणूस हिरवी वायर कापून टाकतो. झिजणे थांबते. मालक खूश होतो.

असेच एक काम आमच्या परिचयाच्या एका वयस्क मिस्त्रींच्या पुढे आले होते. त्यांना आम्ही मामू म्हणतो. नौकेच्या डेकवरच्या मुलाला ओल्या शिडीला हात लावला की मुंग्या येत. आत घरगुती फ्रिज, त्याच्या वायरचे आवरण एका ठिकाणी खरवडलेले, आणि प्लगात हिरवी वायर कापलेली. "पोरा, ज्याने ही कापली त्याने मालकाचे झिंक वाचवले आणि तुला सोडला," एवढेच मामू म्हणाले आणि केबल उपटून धक्क्यावर ठेवली. त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरे काम करण्याचा दर सांगितला, तो मालकाला जड वाटला आणि काम दुसरीकडे गेले.

इलाज आहे आणि तो महाग नाही. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची पेटी हिरव्या वायरमध्ये बसवतात. तिच्यातले डायोड एक-सव्वा व्होल्टपर्यंतचा झीज करणारा करंट अडवतात, पण फॉल्ट झाला तर मोठा करंट बिनबोभाट जाऊ देतात. खर्च करण्याची तयारी असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर त्याहून उत्तम. सोबत ३० मिलिअँपिअरला पडणारा ब्रेकर हवाच, आणि तो दर महिन्याला बटण दाबून पाहावा. आखाताच्या खाऱ्या पाण्यात गळती झालेला करंट पाण्यातूनच निघून जातो, पोहणाऱ्याच्या शरीरातून कमी. गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात उलटे होते. आपल्याकडे कोचीच्या बोलगट्टी बेटावर २०१० साली मरीना झाली, तिथे नौकांना विजेची सोय आहे, आणि पावसाळ्यात त्या खाडीचे पाणी बरेच गोडे होते. पुढेमागे कोकणच्या खाड्यांत असे धक्के झाले तर तिथेही हेच घडेल.

नौका रिकामी ठेवून जाणाऱ्या मालकाला आम्ही तर असे सुचवू की, फ्रिज रिकामा करा, झाकणाला फट ठेवा, केबल काढून टाका. चालूच हवा असेल तर १०० वॉटचे दोन सोलर पत्रे आखाताच्या उन्हात दिवसाला पाऊण युनिट सहज देतात. फ्रिजचे भागते आणि खांबाची गरजच राहत नाही.

तरुण कारागिरांनी दराच्या कागदावर आयसोलेटर, ब्रेकर आणि जाड वायर या तीन ओळी सुरुवातीलाच लिहाव्यात. मालकाने त्या खोडल्या तर खालची सही करू नये. मामूंकडे तो मालक चार महिन्यांनी परत आला, तेव्हा दर तोच होता.