हळहळीची वाटणी

पोलीस मेल्याची वार्ता आली की त्याच्याविषयी हळहळण्यापूर्वी, मारणारा जमाव कोणाचा, हे विचारून घेण्याची रीत आपल्यात रूढ झाली आहे. या रीतीविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

३ डिसेंबर २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात शेतात गाईंचे अवशेष सापडले, लोक खवळले आणि चिंगरावठी चौकीपुढे रस्ता अडला. स्याना ठाण्याचे इन्स्पेक्टर सुबोधकुमार सिंह जमावाला शांत करण्यासाठी गेले. त्याच जमावाने त्यांच्यावर दगड घातले आणि गोळी घालून त्यांचा जीव घेतला. आज माझे वडील गेले, उद्या कोणाचे जातील, असे त्यांच्या मुलाने विचारले. त्याला उत्तर काय मिळाले? पुढल्या वर्षी काही आरोपी जामिनावर सुटले, तेव्हा त्यांच्या गळ्यात हार पडले! ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ५ जणांना जन्मठेप व ३३ जणांना ७ वर्षांची सजा दिली. हार घालणारे अर्थातच मोकळे आहेत.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. भिवंडीत कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून जुलै २००६ मध्ये दंगा पेटला. ५ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, आणि त्याच रात्री जगताप व गांगुर्डे या दोन शिपायांना जमावाने ठार करून जाळले.

आमच्या चारठाण्याच्या पारावर मी हे दोन्ही प्रसंग काढून पाहिले आहेत. ज्याला भिवंडी तोंडपाठ, त्याला बुलंदशहर आठवत नाही. ज्याला बुलंदशहर तोंडपाठ, तो भिवंडीचे नाव काढताच गोळीबाराविषयी बोलू लागतो. शिपायाचे मरण दोघांनाही केवळ प्रतिपक्षावर फेकण्यासाठी हवे असते.

यावर एक आक्षेप येतो, आणि परभणी जिल्ह्यात तो यावा हे साहजिकच आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. धरलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ तारखेला कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या, आणि तरीही गुन्हा नोंदण्याचा हुकूम २०२५ साली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. लोक विचारतात, अशा खात्याचा माणूस मेला तर आम्ही का रडावे?

मी म्हणतो, ज्या कायद्याच्या आधारे सोमनाथच्या मरणाचा जाब मागावयाचा, तोच कायदा घेऊन सुबोधकुमार जमावापुढे उभे होते. कोठडीतला कैदी आणि जमावाने घेरलेला शिपाई, दोघांनाही त्या घटकेला कायद्यावाचून दुसरा वाली नसतो. एकाला तो मिळावा आणि दुसऱ्याला मिळू नये, असे म्हणणाऱ्याला कायदा नकोच आहे. त्याला आपल्या हातात दांडका हवा आहे.

१९५९ साली लडाखात चिनी सैन्याच्या गोळ्यांनी १० पोलीस पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आगेमागे, पोलिसांना मानवंदना दिली जाते. परक्या सैन्याच्या गोळीने मेलेल्याला वंदन करणे सोपे आहे. आपल्याच गल्लीतील पोराच्या दगडाने मेलेल्याला वंदन करावयाचे, तर त्या पोराला घरात लपवता येत नाही, साक्षीला उभे राहावे लागते, हार घेऊन निघालेल्या शेजाऱ्याला दारातच अडवावे लागते. इतके करण्याची तयारी किती जणांची आहे?

पोलीस भरतीसाठी पहाटे आमच्या रस्त्यांवर जी पोरे धावतात, त्यांना मी शिकवले आहे. उद्या कुठल्या तरी चौकात जमावापुढे उभी राहणारी हीच पोरे आहेत, आणि समोरून दगड उचलणारा कदाचित त्यांच्याच बाकावर बसलेला असेल. त्या दिवशी जमाव कोणाचा होता, हे निदान त्यांच्या गावाने तरी विचारू नये.