'चार्ज'चा भार

बदली झाली की आम्ही 'चार्ज' देतो, 'चार्ज' घेतो. कार्यभार, आरोप, वीजबिलातील आकार, पोलिसांचा लाठीमार, साऱ्यांस हाच एक शब्द! 'केवढी ही इंग्रजीची समृद्धी!' असे आमचेच बंधू म्हणतात. समृद्धी खरी, पण ती इंग्रजीची. लॅटिनमधील गाडीवाचक शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ भार लादणे. पुढे फुटलेले अर्थ इंग्रजी आपल्या बारीकसारीक अव्ययांनी वेगळे राखते. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे सांभाळणारा. मध्ये 'द' शिरला की तोच सांभाळला जाणारा! आम्ही शब्द तेवढा उचलतो. हे पहारेकरी मागेच राहतात. मग 'साहेबांवर दोन चार्ज आहेत' याचा अर्थ काय घ्यावा? दोन पदांचा कार्यभार, की दोन आरोप? एका सज्जनाच्या अब्रूचा हा प्रश्न आहे. १९६४ च्या अधिनियमाने मराठी महाराष्ट्राची राजभाषा झाली. तेथील आदेशांत 'कार्यभार' सुखाने नांदतो. परप्रांती कचेरीत इंग्रजी टिपणी लिहावी लागते, हे मान्य. पण घरी खुशाली कळवितानाही 'चार्ज घेतला' असेच लिहावे, असा हुकूम कोणत्या सरकारने काढला आहे?