चार बोल्टांसाठी पुण्याची वारी का?

सभासद बंधूंनो, ऐन लागणीच्या तोंडावर नांगराचा बोल्ट तुटतो. लागतात चार, कामशेत-लोणावळ्याला ते माप मिळालं तर "अख्खा डबा घ्या" म्हणतात. मग लोकल धरून रविवार पेठेतली बोहरी आळी गाठायची. दिवस मोडला!

"चालतंय की" म्हणून दुसरा ठोकू नये. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्ट 12.7 मि.मी.चा, इंचाला 12 आटे. नेहमीच्या 12 मि.मी. बोल्टाचे आटे 1.75 मि.मी. अंतरावर. जबरदस्तीने आटे मरतात. डोक्यावर 8.8 असेल तर बदलीलाही 8.8च घ्यावा.

आमचे स्पष्ट मत आहे, कारखान्याच्या स्टोअरने नेहमीची मापे डब्याने आणून सभासदांना नगावर द्यावीत. एकट्याला डबा जड, शंभरांत हलका. सहकार म्हणजे दुसरं काय?