जहाजावरचं जैन काउंटर



मागच्या वेळी लोणच्याच्या फोडी मऊ का पडतात ते लिहिलं होतं. त्यावर पुष्कळ जणींनी लिहिलं की पुढच्या वेळी मुरांब्याचं सांगा. मुरांबा थोडा थांबेल. आज जे लिहितेय ते गेले कित्येक दिवस घशात अडकलंय. वाचून काही जणी रागावतील, एक तर आधीच रागावलीय.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या धाकट्या मुलाचं लग्न गोव्यात झालं. चाळीस वर्षांची मैत्री. बी.कॉम.ला एकाच बाकावर बसून आम्ही दोघींनी ताळेबंद जुळवलेत, आणि न जुळल्यावर रडलोयही. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. लग्नाबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही, हे आधी सांगते. विधी आमच्या पंडितजींनी सांगलीहून येऊन यथासांग केले. जेवण सूर्यास्ताच्या आत, बटाटा-कांदा-लसूण काही नाही, पाणी गाळून. समुद्राकाठच्या हॉटेलात एवढं सांभाळणं सोपं नसतं, पण तिने सांभाळलं.

आणि शनिवारी रात्री नऊ वाजता दोन बस लागल्या. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, 'कॅसिनो नाइट, यजमानांकडून.'

मी म्हटलं, मी खोलीवर थांबते. ह्यांचा गुडघा दुखत होता, तेही एक निमित्त होतं. पण मैत्रीण स्वतः दारात आली. "अगं, सगळ्यांची तिकिटं आधीच काढलीत. तू नाही आलीस तर पैसे वाया जाणार. खेळू नकोस, नुसती बघ." पैसे वाया जाणार म्हटलं की आपल्या पिढीच्या बाईचा पाय आपोआप चपलेत जातो. हेही म्हणाले, "जा गं, बघून ये." गेले.

पणजीला मांडवीच्या काठी धक्का आहे. तिथे आधार कार्ड बघतात, कारण एकवीस वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. मनगटाला कागदी पट्टा बांधतात आणि छोट्या बोटीतून मोठ्या जहाजावर नेतात. जहाज कुठे जात नाही, नदीत नांगर टाकून उभं असतं. हे असं पाण्यातच का, ते मला तेव्हा कळेना. नंतर घरी येऊन वाचलं. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा 1976 चा. त्यात 1992 साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला वाट दिली, आणि 1996 साली जहाजांवर टेबलाच्या खेळांना. म्हणजे जमिनीवर जे चालत नाही ते पाण्यावर चालतं. आपण रात्री अंधारात लाडू खाऊन दिवा नव्हता म्हणून खाल्लं ते दिसलं नाही म्हणावं, तसलाच हा हिशेब.

आत शिरल्यावर पहिल्यांदा नजरेला काय पडलं असेल? बुफेच्या एका टोकाला पाटी, 'जैन'. आमच्या बसमधल्या बायकांना केवढा आनंद झाला! "बघा, किती व्यवस्था आहे आपल्या लोकांची!" एका वहिनींनी तर त्या पाटीपाशी फोटो काढून घेतला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. चौविहार पाळणाऱ्या आम्ही चौघी-पाचजणी नुसत्या उभ्या होतो, आणि बाकीच्या बिनकांद्याचं पनीर ताटात वाढून घेत होत्या. शेजारी चार पावलांवर दारूचं काउंटर, त्याच्या पलीकडे पत्त्यांची टेबलं.

मैत्रिणींनो, माझं भांडण त्या पाटीशी आहे. जहाजवाल्याचा दोष नाही. तो व्यापारी आहे, गिऱ्हाईक ओळखतो. तिथे जैन काउंटर आहे याचा अर्थ आपण तिथे पाटी लावण्याइतक्या संख्येने जातो. ताटात कंद येऊ नये म्हणून आपण आचाऱ्याला तीन-तीनदा विचारतो. आणि सात व्यसनांच्या यादीत ज्याचं नाव पहिलं, त्या द्यूताच्या टेबलावर बसताना कोणी काही विचारत नाही. लहानपणी महाराजांसमोर हात जोडून आपल्यापैकी किती जणींनी सप्तव्यसनाच्या त्यागाचा नियम घेतलाय! मी नऊ वर्षांची असताना घेतला. तेव्हा वाटायचं, यात अवघड काय? शिकार कोण करतंय, दारू कोण पितंय. फुकटचा नियम.

आता माझं सांगते. न सांगता दुसऱ्यांवर लिहिलं तर ते ढोंग होईल.

तिकिटाबरोबर दोन हजारांची कूपनं मिळतात, पाचशेची चार. ही कूपनं देऊन रोख मिळत नाही, ती खेळावीच लागतात. जिंकलात तर कूपन ते घेतात आणि बदल्यात खरी चिप देतात, तिचे पैसे मिळतात. हरलात तर कूपन गेलं. मी ती पर्समध्ये ठेवून दिली होती. पण शेजारी मैत्रिणीची नणंद म्हणाली, "वहिनी, फुकटचीच तर आहेत. लाल नाही तर काळं, एवढंच म्हणायचं." रुलेटचं चाक होतं. टेबलामागे माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी उभी होती, हात यंत्रासारखे चालत होते. मी एक कूपन लालवर ठेवलं. लाल आलं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, छातीत धडधडलं. आयुष्यात कधी एवढ्या सोप्या रीतीने पाचशे रुपये मिळाले नव्हते. चार कूपनांत तीनदा जिंकले. दीड हजाराच्या चिपा हातात. तिथे उठायला हवं होतं. उठले नाही. दीडाचे साडेतीन हजार झाले. मग एका दमात हजार लालवर लावले आणि चेंडू हिरव्या घरात, शून्यावर जाऊन बसला. मला राग आला. कोणाचा? चेंडूचा! त्या रागात उरलेले अडीच हजार गेले. मग पर्समधले पाच हजार बाहेर काढले. ते काजूचे होते. घरच्यांनी, दोन्ही जावांनी, शेजारणींनी सांगून ठेवलेले काजू. वीस मिनिटांत तेही संपले.

रविवारी ह्यांनी विचारलं, "काजू घेतलेस का?" मी म्हटलं, "चांगले मिळाले नाहीत." लग्नाला अडतीस वर्षं झाली. मोडलेला कप लपवला असेन, पण पैशाच्या बाबतीत मी ह्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. पाच हजारांनी आमचं घर बुडत नाही. पण द्यूतापाठोपाठ असत्य येतं असं जे प्रवचनात ऐकत आले, ते एवढ्या लवकर, बारा तासांच्या आत येईल असं वाटलं नव्हतं.

यावर मैत्रीण म्हणते, "अगं, मनोरंजन होतं ते. सिनेमाला गेलो असतो तरी पैसे गेलेच असते." हे उत्तर मला जहाजावर निदान दहा जणींकडून मिळालं, म्हणून त्यावर जरा थांबते. पंडित आशाधरजींनी तेराव्या शतकात 'सागारधर्मामृत' लिहिलं. त्यात त्यांनी नेमकं हेच प्रकरण घेतलंय. ज्याने जुगार सोडलाय त्याने केवळ मन रमवायला पैज लावली तरी तो दोषच, कारण तिच्यातून हर्ष आणि संताप उठतात, आणि कषाय म्हणजे पापच, असा त्यांचा मुद्दा. मी तो भाग गोव्याहून आल्यावर पुन्हा काढून वाचला. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला माझा त्या चेंडूवरचा राग माहीत होता. सिनेमाचं तिकीट काढताना मला सिनेमाने पैसे परत द्यावेत अशी आस नसते, आणि सिनेमा संपल्यावर मी आणखी पाच हजार काढून पुन्हा तोच बघत नाही.

आता थोडं कॉमर्स. त्या चाकावर सदतीस घरं असतात. अठरा लाल, अठरा काळी, एक हिरवं शून्य. समजा तुम्ही प्रत्येक घरावर शंभर-शंभर रुपये ठेवले, म्हणजे 3,700. कुठलं तरी एक घर येणारच. त्याचे तुम्हाला पस्तीसपट मिळतात, 3,500, आणि त्यावरचे तुमचे शंभर परत. एकूण 3,600. सगळी घरं धरूनसुद्धा शंभर रुपये गेले. शंभराला 2 रुपये 70 पैसे घराचे, दर फेरीला. एवढं कमी वाटतं, कारण आपण एका फेरीचा हिशेब करतो. पाचशेच्या चाळीस फेऱ्या म्हणजे वीस हजारांची उलाढाल झाली, सरासरी 540 रुपये त्यांचे. आणि माझ्यासारखी बाई जिंकताना थांबत नाही, हरल्यावर दुप्पट लावते, ते वेगळंच. काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथे शंभराला सव्वापाच रुपये.

याच्या वर कर. कॅसिनोवरचा जीएसटी आधी 28 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. जिंकलात तर आयकर सरळ तीस टक्के, वर उपकर. आणि या उत्पन्नातून खर्च वजा करता येत नाही, हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेतून वळती करता येत नाही. कुठल्या धंद्यात असं असतं सांगा. आमच्या पुरुष मंडळींपैकी निम्मे सी.ए. होते त्या बसमध्ये! ऑफिसात गिऱ्हाइकाने असा व्यवहार आणला असता तर त्याला दारातून परत पाठवलं असतं.

"मग शेअर बाजार तरी काय आहे?" हेही एका भावजींनी विचारलं. बाजारात जुगाऱ्यासारखं वागणारे आहेत, मी नाकारत नाही, आणि फोनवर रात्रंदिवस ऑप्शन करणाऱ्या पोरांवर एकदा वेगळं लिहीन. पण 1957 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की जुगार हा व्यापारच नव्हे, व्यापाराला मिळणारं घटनेचं संरक्षण त्याला नाही. तो खटला वर्तमानपत्रातल्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा होता आणि मुंबई राज्य त्यात जिंकलं. आपल्या महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केलाही, पण तो कधी अमलातच आणला नाही, आणि 2023 साली रद्द करून टाकला. गोव्याचं तर आणखी बघा. फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशाला तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. धक्क्यावर आधार कार्ड बघतात ते त्यासाठीही. म्हणजे ज्यांच्या नदीत जहाज उभं आहे, ते आपल्या पोराबाळांना आत सोडत नाहीत. आणि आपण आपली पोरं बस करून, वर कूपन देऊन तिथे पोचवतो, आणि त्याला पाहुणचार म्हणतो.

पाहुणचार या शब्दावरच माझा मुख्य आक्षेप आहे. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या पैशाने कोणी गेला तर ते त्याचं कर्म. यजमान घेऊन जातो तेव्हा नाही म्हणणारा उद्धट ठरतो. मी चौसष्ट वर्षांची, नियम घेतलेली बाई नाही म्हणू शकले नाही. मग नव्या सुनेला, चोवीस वर्षांच्या भाच्याला कोण नाही म्हणू देणार?

कारण हेही त्याच रात्री पाहिलं. वरच्या उघड्या डेकवर एक मुलगी एकटी उभी होती, लग्नाला वर्षही न झालेली, कोणाची ते लिहीत नाही. तिचा नवरा तिसऱ्यांदा कार्ड घेऊन चिपांच्या खिडकीपाशी गेला होता. ती मला म्हणाली, "काकू, ते घरी असे नाहीत हो." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलले नाही, कारण काजूचे पैसे मीही नुकतेच घालवून आले होते. उपदेश करायला तोंडच नव्हतं.

मला माझी चुलती आठवली. माझ्या थोरल्या काकांचं धान्याचं दुकान होतं. मुंबईच्या मटक्याचा आकडा तेव्हा आमच्या गावापर्यंत फोनवर यायचा, ओपन आणि क्लोज. काकाही घरी तसे नव्हते. रोज मंदिरात जाऊन मग दुकान उघडायचे. चुलतीच्या पाटल्या एका वर्षात गेल्या, दुकान तीन वर्षांत. ती मरेपर्यंत काचेच्या बांगड्या घालायची आणि विचारलं तर म्हणायची, "हलक्या बऱ्या पडतात." शास्त्रात द्यूताचं उदाहरण म्हणून युधिष्ठिराचं नाव देतात. मला लहानपणापासून ते नाव ऐकलं की त्या काचेच्या बांगड्याच दिसतात. आणि तरी मी कूपन ठेवलं लालवर.

मैत्रिणीला हा लेख आधी वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझ्या मुलाच्या लग्नाला तू बोट लावलंस." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "हॉटेलवाल्याच्या पॅकेजमध्येच होतं गं ते. काढून टाका म्हणायचं सुचलंच नाही." हे मला खरं वाटतं. बहुतेक घरांत असंच होत असणार. पॅकेजमध्ये होतं म्हणून. माझं म्हणणं एवढंच की जिने आचाऱ्याकडून मसाल्याचा डबासुद्धा उघडून दाखवून घेतला, तिला पॅकेजचा कागद वाचायला वेळ काढता आला असता. ती सध्या फोन उचलत नाही. उचलेल.

ह्यांना काजूचं खरं परवा सांगितलं. चष्मा काढून बघत राहिले, म्हणाले, "पाच हजार? मला वाटलं दहा तरी." म्हणजे माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन प्रायश्चित्त म्हणून काय घ्यायचं ते माताजींना विचारलं. त्यांनी दिलं, ते इथे लिहीत नाही.

आणि आज सकाळी माझ्या धाकट्या जावेच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका फोनवर आली. फेब्रुवारीत, गोवाच. शनिवारच्या रात्रीपुढे लिहिलंय, 'सरप्राइज.' मी जावेला लगेच विचारलं, "सरप्राइज म्हणजे जहाज का गं?" दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.